शिरीन अजून नानच्या रांगेत उभी आहे

काकू, लीना आली आहे. तुमच्या स्वयंपाकघरात खाली बसून ती एकेक डबा उघडते, वास घेते आणि मला विचारते, “हे काय?” एकाही डब्यावर तुम्ही नाव लिहिलेलं नाही. “लेबल लावायला मी काय अजून लॅबमध्ये आहे?” असं तुम्ही म्हणायचात. रिटायर झाल्यावर कशावरही लेबल लावायचं नाही, अशी तुमची शपथच होती. आता गोडा मसाला कुठला आणि धणे-जिऱ्याची पूड कुठली, हे तुमच्या मुलीला मी सांगते आहे. या घरात यायच्या आधी मला मसाला म्हणजे नूडल्सच्या पाकिटातली पुडी एवढंच माहीत होतं.

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, असं मला सांगितलंय. “तू त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचीस, तुला जास्त माहीत,” असं जोशीकाका म्हणाले. त्यांना बहुतेक तुमचं नागपूर, तुमची हॉस्पिटलमधली नोकरी, गणपतीतले मोदक आणि तुम्ही चालवलेली लायब्ररी हवी आहे. ते सगळं शोकसभेत सांगून झालं. मी मागच्या रांगेत बसले होते. मला बोलायला उठवलं तेव्हा मी नुसती मान हलवली. माझं असंच होतं, तुम्हाला माहीत आहे. सगळे निघून गेले की मग मला बोलायला सुचतं.

मला आठवतो तो पहिला रविवार. मी राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. जिन्यावरून तुमची हाक आली.

“काय करून राहिली गं?”

“काही नाही, काकू. लाँड्री.”

“ती मशीन करतंय ना? तू वर ये. ऐकायला कुणीतरी पाहिजे मला.”

मला वाटलं, भजन असेल. मी तोंडभर हसू तयार ठेवून वर आले. तुम्ही आयपॅड समोर धरलात, चष्मा नाकावर ओढलात आणि वाचायला लागलात. झर्मिना नावाची एक शाळेतली बाई गच्चीत सासूपासून लपून सिगारेट ओढत होती आणि लांब डोंगरावरून तोफांचे आवाज येत होते. झर्मिना आवाज मोजत नव्हती, सिगारेटी मोजत होती. मी चहा प्यायची विसरले. तुम्ही एका बोटाने आयपॅडवर मराठीत कादंबरी लिहीत होतात आणि इथे अमेरिकेत, हर्नडनच्या आपल्या मंडळात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“तू वाचू नको, तू ऐक,” असं तुम्ही म्हणालात, कारण माझं देवनागरी वाचन किती हळू आहे ते तुम्ही मंडळाच्या कार्यक्रमात पाहिलं होतं. इंग्लिश मीडियमच्या मुलीला इतक्या सहज कुणी माफ करत नाही. त्यानंतर बहुतेक प्रत्येक रविवारी दुपारी मी वर येत गेले.

हळूहळू मला कळलं की या बायका खऱ्या होत्या. लग्न होऊन तुम्ही काकांबरोबर काबूलला गेलात. काकांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. ते तिथे एका बांधकामावर इंजिनिअर होते. तुम्हा दोघांची एक खोली, घरमालकीण म्हातारी बीबी, वरच्या मजल्यावर तिची सून झर्मिना आणि समोरच्या दारात तुमच्याच वयाची शिरीन. शिरीन ऑफिसात टायपिस्ट होती. गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घालून कामाला जायची. “मी परदेशात गेले म्हणून नागपुरात सगळ्यांनी पेढे खाल्ले,” तुम्ही सांगायचात, “आणि तिथे बघते तर मीच गावंढळ! साडीवर काकांचा ओव्हरकोट. शिरीन मला पाहून पोट धरून हसली. तीच आमची ओळख.” तिचं हिंदी सगळं सिनेमातून आलेलं. भाजीवाल्याला द्यायला सुटे नसले तरी ती छातीवर हात ठेवून म्हणायची, “भाई, मैं मजबूर हूँ.” तुम्ही तिची नक्कल करायचात आणि मग काही वेळ खिडकीबाहेर बघत बसायचात.

मग लढाई सुरू झाली आणि तुम्हाला घाईघाईने निघावं लागलं. सामान फार नेता येणार नव्हतं, म्हणून तुम्ही लग्नात मिळालेला प्रेशर कुकर शिरीनकडे ठेवलात. “कब आओगी?” तिने विचारलं. “दो महीने में,” तुम्ही म्हणालात. दिल्लीहून पत्रं टाकलीत, पुढे अमेरिकेतून टाकलीत. उत्तर आलं नाही. त्या देशात एक लढाई संपली की दुसरी सुरू होत राहिली, आणि तुम्ही इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइडवर स्लाइड तपासत राहिलात. एवढ्या वर्षांत त्या तिघींचं काय झालं, हे तुम्हाला कधीच कळलं नाही.

“म्हणून मी ठरवून टाकते,” तुम्ही म्हणालात. “कळत नाही ना, मग मीच ठरवते.”

तुमची लिहायची रीत कुणाला सांगितली तर हसतील. नवं प्रकरण सुरू करण्याआधी तुम्हाला त्या दिवशी घरात काय शिजलं होतं ते कळावं लागायचं. नाही कळलं तर तुम्ही लिहायच्या थांबायचात, आणि मग आपण तो पदार्थ करायचो. बीबीच्या घरचे ते पातळ पराठे, आत कांद्याच्या पातीसारखी पण जरा उग्र पात. ती पात शोधायला आपण तीन दुकानं पालथी घातली होती. “रॉकेट पडलं की नाही, ते मागाहून,” तुम्ही पीठ मळता मळता म्हणायचात. “आधी पात चिरली गेली की नाही? चिरून झाली असेल तर ती तशीच राहिली. काळी पडली. लढाई म्हणजे हे.” मी कामावर दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कुठल्या गोष्टीकडे कुठून बघायला सुरुवात करायची, हे मला तुमच्या ओट्याशी उभं राहून कळलं. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही.

आणि तुमचं ते कुकरचं प्रकरण! लढाईत शिरीन पहिल्यांदाच तो कुकर लावते. शिट्टी झाल्याबरोबर सगळी गल्ली पलंगाखाली. बीबी कुराण छातीशी धरून तळघरात. झर्मिना पेटती सिगारेट गिळायच्या बेतात. आणि शिरीन मधोमध उभी राहून ओरडते, “अरे, राजमा है!” ते वाचताना तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला पुढचं वाचता येईना. मी आयपॅड घेतला आणि अडखळत अडखळत मीच वाचून दाखवलं. या घरात तुमच्यासमोर मराठी मोठ्याने वाचलं ते तेवढंच.

पण आपलं एका बाबतीत कधी जमलं नाही. तुमचा नियम होता: “माझ्या हातून एकही बाई मरणार नाही.” आणि तुम्ही तो पाळलात. घरं पडली, पण त्या वेळी बाई पाण्याला गेलेली असायची. शाळा बंद झाली, झर्मिना बीबीच्या तळघरात मुलींना शिकवायला लागली, पकडायला माणसं आली आणि नेमकी त्याच दिवशी मुली आल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी मी नुसती ऐकायचे. शेवटी एकदा मी बोलले. मला वाटतं, मी आपणहून काढलेलं ते पहिलंच भांडण.

“काकू, हे वॉर आहे. कुणीतरी मरणारच ना.”

“कोण? नाव सांग.”

“म्हणजे?”

“बीबी, झर्मिना, का शिरीन? बोट दाखव. आत्ता मारते. एका ओळीचं काम आहे.”

मी समोरचा कप बशीत सरळ केला.

“बघ. तुलाही जमत नाही.”

“माझ्या जमण्याचा प्रश्न नाही. वाचणाऱ्याला खोटं वाटेल. प्रत्येक वेळी कशी वाचेल बाई?”

“प्रत्येक वेळी वाचते म्हणून तर पुढच्या वेळेपर्यंत पोचते! मेलेलीची गोष्ट कुणी पुढे लिहितं का?”

“पण असं नसतं.”

“तुला काय माहीत कसं असतं? तू पाहिलंस?”

“तुम्ही तरी कुठे पाहिलंत?”

हे तोंडातून गेलं आणि मला वाटलं, आता मला दुसरी खोली शोधावी लागणार. तुम्ही चष्मा काढलात. रागावलेल्या दिसत नव्हतात. “खोटं लोकांना वाटेल,” तुम्ही हळू विचारलंत, “का तुला वाटतंय?”

मी कप उचलले आणि विसळायला गेले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. दार लावून घेतलेल्या माणसाशी कसं वागायचं, ते तुम्हाला कळत होतं.

उत्तर आत्ता देते.

माझी आई गेली हे तुम्हाला माहीत होतं. कशी गेली ते मी सांगितलं नव्हतं. मी इथे एमएस करत होते, परीक्षा चालू होती. आई दवाखान्यात आहे एवढंच मला कळलं होतं. मी रोज फोन करायचे. बाबा म्हणायचे, “झोपलीय.” मामा म्हणायचा, “सगळं ठीक आहे, तू पेपरवर लक्ष दे.” एके दिवशी व्हिडिओवर आत्या आली. हसत होती. तिच्या मागे आमचा ओटा दिसत होता आणि ओट्यावर मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. एवढा चहा आमच्या घरी कधीच होत नाही. “आत्या, पाहुणे आलेत का?” मी विचारलं. “नाही गं, सगळं ठीक आहे,” ती म्हणाली आणि फोन दुसरीकडे वळवला. शेवटचा पेपर झाल्यावर मला सांगितलं. तोवर दहावाही होऊन गेला होता.

त्यांनी ते प्रेमाने केलं. “पोरगी तिकडे एकटी आहे, कळलं तर काय करेल” म्हणून. आपल्याकडे असंच करतात. इथे हर्नडनमध्येच मला अशा चार-पाच जणी माहीत आहेत, ज्यांना घरची बातमी अशीच शिळी करून दिली गेली. त्यामुळे मला कुणावर रागावताही आलं नाही. फक्त तेव्हापासून कुणी “सगळं ठीक आहे” म्हणालं की मी त्याच्या पाठीमागे बघते. तुमची शिरीन प्रत्येक प्रकरणात जिवंत राहायची, आणि मी तिच्या पाठीमागे ते पातेलं शोधत बसायचे.

हे तुम्हाला तेव्हा सांगितलं असतं तर? तुम्ही शिरीनला मारलं नसतंत, हे नक्की. पण कदाचित स्वतःबद्दल मला खरं सांगितलं असतंत.

कारण मग तुम्हीही तेच केलंत, काकू. उन्हाळ्याच्या शेवटी तुमचे ब्लाउज ढगळ व्हायला लागले. मी विचारलं तर म्हणालात, “डाएट करून राहिले बाप्पा, जळू नको.” टेस्ट करून आलात तेव्हा विचारलं. “सगळं ठीक आहे. रिपोर्ट चांगले आलेत.” आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघितलेली बाई! त्या कागदावरचा शब्द न् शब्द तुम्हाला डॉक्टरांच्या आधी कळला असणार. मी तुमच्या पाठीमागे बघितलं. तिथे फ्रिज होता, त्यावर लीनाचा फोटो होता, काही दिसलं नाही. मी स्वतःला म्हटलं, या काकू आहेत, या असं करणार नाहीत.

लीनाकडे शिकागोला निघालात तेव्हा मीच तुम्हाला ड्राइव्ह करून एअरपोर्टवर सोडलं. “थोड्या दिवसांनी येतेच. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून तुला काय आणू?” मी म्हटलं, काही नको. तेव्हा कादंबरीत शिरीन नानच्या दुकानापाशी रांगेत उभी होती आणि तिच्या गल्लीच्या दिशेने रॉकेट पडलं होतं. तिथे तुम्ही थांबला होतात. मी म्हणत होते, या वेळी घर उभं ठेवू नका. तुम्ही म्हणत होतात, ठेवणार. गाडीतून उतरल्यावर तुम्ही खिडकीतून आत वाकलात. “शिरीनचं राहिलंय. आल्यावर भांडू.”

मग लीनाचा फोन. मी तिला त्याआधी दोनदाच भेटले होते. तिने कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. “हाय, लीना बोलतेय. मॉम आज सकाळी गेली. आय वॉन्टेड टू टेल यू मायसेल्फ.” बस. मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, हिने मला त्याच दिवशी सांगितलं.

तिलाही तुम्ही अगदी शेवटी सांगितलं होतंत. तिच्या दारात जाऊन, हातात बॅग. काल डबे आवरताना ती म्हणाली, “आय वॉज सो मॅड. अजून आहे. मी पूर्ण फॉल सीझन तिच्याबरोबर येऊन राहिले असते. शी डिसाइडेड फॉर मी.” मी तिच्या हातातला हिंगाचा डबा घेतला आणि झाकण घट्ट लावलं. मला म्हणायचं होतं, मीसुद्धा. मीसुद्धा चिडलेय. निदान सांगितलं असतंत तर रविवारी दुपारी भांडले नसते, गुपचूप ऐकत बसले असते. नाही, खोटं कशाला? भांडलेच असते. पण तुम्ही शिरीनला का मारत नव्हता ते समजून भांडले असते.

आज दुपारी लीनाने तुमचा आयपॅड चार्ज केला आणि माझ्यासमोर ठेवला. लीनाकडून कादंबरीचं कळल्यावर अंकाच्या लोकांना तिचं शेवटचं प्रकरण छापायचं आहे. लीनाला मराठी कळतं, वाचता येत नाही.

“मला अंकाचं काही नाही,” ती म्हणाली. “मला सांग, शिरीन आंटीचं काय झालं?”

“तुला माहीत आहे शिरीन?”

“माहीत आहे? आय ग्रू अप विथ हर! मॉम झोपताना तिच्याच स्टोरीज सांगायची. थर्ड ग्रेडमध्ये फॅमिली ट्री काढायला सांगितली ना, त्यात मी शिरीन आंटीला ड्रॉ केलं. टीचरने विचारलं, कुणाची बहीण? मी म्हटलं, मॉमची. मॉमने ती तशीच फ्रेम केली.” ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. “ती घरी पोचते ना? जस्ट टेल मी, पोचते.”

किती सोपं होतं, काकू. “हो” म्हणायचं. तिची आई नुकतीच गेली आहे, ती जमिनीवर मसाल्यांच्या डब्यांत बसली आहे, तिला एक “हो” दिला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं? माझ्या मामालाही असंच वाटलं असेल. त्या क्षणी मला मामा जितका कळला तितका आजवर कधी कळला नव्हता.

“लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. “ती रांगेत आहे. तिथेच थांबलंय.”

लीनाने हातातल्या डब्याचं झाकण लावलं. मग तिने आयपॅड माझ्याकडे सरकवला. “मग तू लिही. मॉमला काय हवं होतं ते तुला माहीत आहे.”

तेच तर. तुम्हाला काय हवं होतं तेही मला माहीत होतं आणि मला काय हवं होतं तेही. मी जेवणाच्या टेबलाशी बसले. बाहेर शेजारच्यांचा लीफ ब्लोअर चालू होता. कर्सर तुमच्या शेवटच्या ओळीपुढे उघडझाप करत होता. घर पाडायचं तर खरंच एका ओळीचं काम होतं. मी ती ओळ लिहिली. वाचली. काढून टाकली. घर उभं आहे अशी ओळ लिहिली. तीही काढली.

तेव्हा मला एक शनिवारची सकाळ आठवली. तुम्ही स्टर्लिंग गावाच्या पुढच्या त्या अफगाण बेकरीत न्यायचात मला, लांबलचक नान आणायला. नान हे निमित्त होतं. इकडे काबूलहून नवी माणसं येऊन राहायला लागल्यापासून तुम्ही तिथे प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत उभ्या राहायचात. मला लाज वाटायची आणि मी बिस्किटांच्या रॅकमागे जायचे. त्या दिवशी बाकावर एक आजी बसल्या होत्या, नात पैसे देत होती. तुम्ही सरळ शेजारी जाऊन बसलात आणि हिंदीत विचारलंत, कुठल्या शहरातल्या, कुठला भाग. मग तुमची गल्ली सांगितलीत, नदीच्या पुलापासून कशी जायची ते हाताने दाखवलंत. “वहाँ शिरीन थी. टाइपिस्ट. बहुत हँसती थी.”

आजींनी खूप वेळ विचार केला. मला वाटलं, आता त्या म्हणणार, हो हो, ठीक असेल. इतक्या आशेने विचारणाऱ्या बाईला कुणीही तेच म्हणालं असतं. त्या म्हणाल्या, “बहन, मैं उस तरफ़ कभी गई नहीं. मैंने नहीं देखा. झूठ क्यों बोलूँ?” आणि तुमच्या हातावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

गाडीत तुम्ही चक्क खुशीत होतात. “ऐकलंस? मेली असेल, असं नाही म्हणाली!” आणि मी मनात म्हणत होते, जिवंत असेल, असंही नाही म्हणाली. तुम्ही अर्धं ऐकलंत, मी उरलेलं अर्धं ऐकलं, आणि दोघी समोरच्या सिग्नलकडे बघत राहिलो.

आज टेबलाशी बसून मला त्या आजींचं ते अख्खं वाक्य ऐकू आलं. मला “सगळं ठीक आहे” म्हणालेल्या माणसांना खरं काय ते माहीत होतं. आत्याच्या मागे पातेलं होतं. तुमच्या पर्समध्ये रिपोर्ट होता. पण शिरीनबद्दल तुम्हाला खरोखरच काही माहीत नव्हतं. माहीत नसताना ती जिवंत आहे असं धरून चालणं, आणि माहीत असून “ठीक आहे” म्हणणं, या दोन गोष्टी मी इतके दिवस एकाच पिशवीत घालून फिरत होते. तुमच्या कादंबरीत तुम्ही खोटं बोलत नव्हतात, काकू. तिथे माझी समजूत चुकली. आणि आजारपणात तुम्ही जे केलंत ते मला अजून पटलेलं नाही. तिथे तुमचं चुकलं. दोन्ही एकाच बाईबद्दल म्हणायला मला त्रास होतो, पण म्हणते.

मग मी लिहिलं. दीडेक पान झालं. माझं मराठी तुमच्यासारखं नाही. वाक्यं आखूड झाली. लीना डब्यांमधून उठून समोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि मी मोठ्याने वाचलं.

रांग मोडते. बायका पळतात. शिरीनला पाय उचलता येत नाही. तेवढ्यात पुलाकडून एक अनोळखी बाई येते, तिचा बुरखा धुळीने पांढरा झालेला. शिरीन तिचा हात धरते. “आमची गल्ली? चिनाराच्या बाजूची?” बाई थांबते. तिला पळायचं आहे, पण ती थांबते. “पलीकडे पडलं,” ती म्हणते. “तुझी गल्ली मी पाहिली नाही.” “खरं सांग.” “खरंच सांगतेय. मी पाहिली नाही.” शिरीन तिचा हात सोडते. दुकानदार शटर अर्धं ओढून थांबलेला असतो. ती त्याच्याकडून आपले नान घेते, चादरीत गुंडाळते, आणि सगळे ज्या दिशेने पळत येताहेत त्या दिशेने चालायला लागते.

मी आयपॅड खाली ठेवला.

“दॅट्स इट?” लीनाने विचारलं.

“हो.”

“पण घर? घर आहे का?”

“मला माहीत नाही.”

“आणि ती?”

“ती चालतेय. तेवढं मी पाहिलं.”

लीनाने तोंडावरून हात फिरवला. “मॉम तुझ्याशी भांडली असती.”

“रविवारभर.”

ती हसली. बाहेरचा लीफ ब्लोअर बंद झाला होता. घर पहिल्यांदाच इतकं शांत वाटलं, आणि मी वाट बघत होते की आता ती उठेल, डब्यांकडे जाईल. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली, दोन्ही कोपरं टेकवली आणि डोळे मिटले.

“परत वाच,” ती म्हणाली. “हळू.”